कोंबडीला झूल

आपल्याकडे रश्श्यातला ब्रेस्ट पीस ज्याच्या ताटात पडतो, त्याचं तोंड जरा वाकडंच होतं. तंगडीवरून पोरांची भांडणं होतात, कलेजी कुणाच्या वाट्याची हे आधीच ठरलेलं असतं. छातीचा तो पांढरा, कोरडा तुकडा मात्र मागून घेणारा विरळाच. ब्रिटनमध्ये हिशेब नेमका उलटा. तिथे कोंबडीतला सगळ्यांत महाग भाग हाच. त्यात हाड नाही, चरबी जवळजवळ नाही, काट्या-सुरीने नीट कापता येतो, हात माखत नाहीत. म्हणजे शिजवायला जो सगळ्यांत कटकटीचा, त्यालाच सगळ्यांत जास्त मागणी. माझा पगार बऱ्याच अंशी या कटकटीतून निघतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. दादरच्या कॅटरिंग कॉलेजात शिकलो, मुंबईतल्या हॉटेलांत हात भाजून घेतले आणि आता स्कॉटलंडमध्ये, अ‍ॅबरडीनशरमधल्या डी नदीच्या खोऱ्यातल्या एका हॉटेलात सू शेफ आहे. बॅल्मोरलचा राजवाडा याच खोऱ्यात. ती जागा १८५२ साली प्रिन्स अल्बर्टने व्हिक्टोरिया राणीसाठी घेतली, जुना वाडा लहान पडला म्हणून नवा बांधायला काढला आणि तो १८५६ मध्ये पुरा झाला. एलिझाबेथ राणीचं सप्टेंबर २०२२ मध्ये निधन झालं तेही तिथेच. पर्यटक दिवसा राजवाड्याचा परिसर पाहतात आणि संध्याकाळी आमच्याकडे त्याच नावाची कोंबडी मागवतात : चिकन बॅल्मोरल. ब्रेस्टमध्ये हॅगिस भरायचा, भोवती बेकनच्या पट्ट्या गुंडाळायच्या, भाजायचं आणि व्हिस्की घातलेल्या क्रीमच्या सॉसबरोबर वाढायचं. सोबत टॅटीज, म्हणजे कुस्करलेले बटाटे, आणि नीप्स, म्हणजे स्वीड नावाच्या सलगमाच्या जातीतल्या पिवळसर कंदाचा लगदा.

भरलेल्या ब्रेस्टचं घराणं तसं मोठं आहे. कॉलेजात आम्ही चिकन आ ला कीव्ह करायचो, आत लोणी आणि बाहेर ब्रेडचा चुरा. कॉर्डन ब्लूच्या पोटात हॅम आणि चीज. १९७९ साली मार्क्स अँड स्पेन्सरने कीव्ह थंड पाकिटात विकायला काढलं आणि घरी नेऊन नुसतं ओव्हनमध्ये सरकवायच्या जेवणाची ब्रिटिशांना गोडी लागली. या सगळ्या पदार्थांच्या मुळाशी अडचण एकच. ब्रेस्टला स्वतःची चव बेताची, आणि आच जरा जास्त झाली की त्यातलं पाणी निघून जातं. मग आतून काहीतरी भरा, बाहेरून काहीतरी लावा.

हॅगिस म्हटलं की आमच्याकडे येणारे बरेचसे भारतीय पाहुणे नाक मुरडतात. मेंढीचं हृदय, कलेजी आणि फुफ्फुस बारीक करून त्यात ओटमील, चरबी, कांदा, मिरी आणि थोडा मसाला. पूर्वी हे सगळं मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून उकडत. आता बहुतेक ठिकाणी आवरण वेगळं असतं. खाण्यात फुफ्फुस नको म्हणून अमेरिकेने १९७१ पासून अशा हॅगिसची आयातच बंद केली. मला मात्र हॅगिस पहिल्या घासापासून परका वाटला नाही. जत्रेच्या बकऱ्याची मुंडी, पाय, वजडी, रक्ती यांतलं काहीही वाया न घालवणाऱ्या मुलखात वाढलेल्या माणसाला त्यात नवल कसलं? मिरीचा झणका ओळखीचा, कलेजीचा वास ओळखीचा. नवा होता तो फक्त ओटचा रवाळपणा. २५ जानेवारीला रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीची मेजवानी असते. तेव्हा अख्खा हॅगिस बॅगपाइपच्या सुरात वाजतगाजत आणतात, त्याच्यावर बर्न्सने १७८६ मध्ये लिहिलेली कविता त्याच्याच पुढ्यात म्हणतात आणि मग सुरी चालवतात. एखाद्या खाण्याच्या पदार्थाला कवितेचा मान देणारी माणसं मला लगेच आपली वाटली.

बेकनचं प्रकरण वेगळं. आमच्या घरात डुकराचं मांस कधी शिजलेलं नाही. फोनवर आईला पदार्थ समजावून सांगत होतो. कोंबडी इथवर ठीक होतं, मेंढीचं काळीज-फुफ्फुस इथवरही तिने हूं हूं केलं. बेकनवर आलो तशी म्हणाली, "आरं, कोंबडीला डुकराची झूल कशाला घालायची?" बेंदराला बैलांच्या पाठीवर घालतात ती झूल. तिला वाटलं, शोभेसाठी. मी हसून विषय बदलला. पण या झुलीचं खरं काम काय, हे नंतर लग्नांच्या सर्व्हिसमध्ये कळत गेलं.

आधी हाताचं काम सांगतो. ब्रेस्ट साधारण पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचा घ्यायचा. त्याच्या पोटाशी चिकटलेली एक सुटी निमुळती पट्टी असते, ती ओढून वेगळी ठेवायची. जाड बाजूने लहान सुरी आत घालून खिसा करायचा. सुरीचं टोक लहान भोकातूनच डावी-उजवीकडे फिरवायचं. खिशाचं तोंड रुंद केलं तर भाजताना सगळं बाहेर येतं. समोरच्या बाजूने सुरीचं टोक निघालं की तो तुकडा स्टाफच्या जेवणाला. हॅगिस थंडच हवा. पन्नास-साठ ग्रॅमची वळकटी करून आत सरकवायची आणि बाजूला ठेवलेली ती पट्टी चपटी करून खिशाच्या तोंडाला बुचासारखी बसवायची. ही युक्ती पुस्तकात मिळेलच असं नाही. शेजारी उभं राहून बघितल्याशिवाय ती कळतही नाही.

बेकन स्ट्रीकी हवं, म्हणजे पोटाकडचं, चरबीच्या रेघा असलेलं. ब्रिटिश न्याहारीत जे बॅक बेकन असतं, पाठीकडचं, ते इथे चालत नाही. त्यात मांस जास्त, चरबी कडेला एकाच जागी, आणि गुंडाळायला ते आखडतं. शिवाय ते कोरडं मुरवलेलं हवं. स्वस्त बेकनमध्ये मिठाचं पाणी टोचलेलं असतं. तव्यावर पडलं की पांढरा फेस सुटतो आणि बेकन भाजायच्या ऐवजी वाफेवर शिजत बसतं. पट्ट्या बोर्डवर ठेवून सुरीच्या पाठीने ओढून लांब आणि पातळ करायच्या, एकमेकींवर किंचित चढवून मांडायच्या, वर ब्रेस्ट ठेवून घट्ट गुंडाळी करायची. ती क्लिंग फिल्ममध्ये आवळून, दोन्ही टोकांना पीळ देऊन रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी फिल्म काढली की आकार हलत नाही. मीठ कुठेच घालायचं नाही. बेकन आणि हॅगिस दोघेही ते भरपूर घेऊन आलेले असतात.

हे सगळं लाल बोर्डवर. ब्रिटिश किचनमध्ये कच्च्या मांसाचा बोर्ड लाल, शिजलेल्याचा पिवळा, माशाचा निळा. आणि कोंबडी धुवायची नाही, हा नियम मला पचायला सगळ्यांत जड गेला. आपल्याकडे कोंबडी तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय आणि हळद चोळल्याशिवाय ती स्वयंपाकात आली असं कुणी मानत नाही. तिथे नळाखाली कच्ची कोंबडी धरलेली दिसली तर मागून आवाज येतो. कारण साधं आहे. ब्रिटनमध्ये अन्नातून होणाऱ्या जंतुसंसर्गांत कॅम्पिलोबॅक्टर सगळ्यांत पुढे, आणि तो मुख्यतः कोंबडीवरून येतो. नळाखाली धुताना उडालेल्या थेंबांबरोबर तो सिंकच्या कडेला, फडक्याला, शेजारच्या कोथिंबिरीला लागतो. तो मरतो आचेने, पाण्याने नाही. आता सुट्टीत कोल्हापूरला गेलो की आईच्या नळाजवळ उभा राहून मी जीभ चावतो.

आता आचेकडे. या पदार्थात तीन जिन्नस आहेत आणि तिघांच्या वेळा वेगळ्या. बेकनला कोरडी, कडक आच हवी. त्यातलं पाणी उडून चरबी सुटेपर्यंत ते कुरकुरीत होत नाही. ब्रेस्टला मवाळ आच हवी. पासष्ट-सत्तर अंशांच्या पुढे त्यातले तंतू आकसून पाणी पिळून काढायला लागतात. आणि हॅगिस अगदी मध्यभागी, थंडगार. आच त्याच्यापर्यंत पोचायची तर बेकन आणि ब्रेस्ट पार करूनच. हॅगिसची काळजी घेत बसलो तर ब्रेस्ट वाळतो, ब्रेस्टला जपावं तर बेकन रबरासारखं राहतं, आणि बेकनच्या नादी लागलं तर आत सगळं कच्चं.

म्हणून क्रम लावावा लागतो. कोरड्या तव्यावर, बेकनची टोकं जिथे मिळतात ती बाजू आधी खाली ठेवायची. मिनिट-दोन मिनिटांत ती एकमेकांना चिकटतात आणि टूथपिकची गरज उरत नाही. मग सगळ्या बाजू फिरवत चरबी सुटू द्यायची. इथे कान कामाला येतात. आधी ओलसर फसफस असते. पाणी संपलं की तोच आवाज बारीक आणि टणक होतो. तिथे तवा उचलायचा. मग १८० अंशांच्या ओव्हनमध्ये वीसेक मिनिटं. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं हात लावायचा नाही, कारण आतलं तापमान अजून तीन-चार अंशांनी चढत असतं. तोवर त्याच तव्यात व्हिस्की ओतायची, भडका उडाला की मागे व्हायचं, मग स्टॉक, क्रीम, अख्ख्या मोहरीची मस्टर्ड.

मध्यभागी किती अंश झाले हे प्रोब, म्हणजे आत खुपसायचा तापमापक, सांगतो. ब्रिटनमधला दंडक असा : मधोमध ७० अंश दोन मिनिटं, किंवा ७५ अंश तीस सेकंद, किंवा ८० अंश सहा सेकंद. आम्ही ७५ धरतो. प्रोबचं टोक हॅगिसच्या बरोबर पोटात जायला हवं. ब्रेस्टमध्येच अडलं तर आकडा खोटा दिलासा देतो. आकडा वहीत लिहावा लागतो, वेळेसकट. मुंबईतले माझे एक वस्ताद बोटाने दाबून सांगायचे आणि त्यांचं सहसा चुकायचं नाही. पण बोट दाबून कळतं ते ब्रेस्टचं. पोटात दुसरं काही भरलं की बोटाला फक्त भिंत लागते, आतल्या खोलीतलं कळत नाही. तरी हात रिकामा बसत नाही. प्रोब कधी खुपसायचा हे हातच सांगतो. सारखा खुपसत राहिलं तर तितकी भोकं पडतात आणि तितकाच रस ट्रेमध्ये जातो.

आता झूल. स्कॉटिश लग्नाच्या मेन्यूत चिकन बॅल्मोरल हमखास असतं. उन्हाळ्यात शनिवारमागून शनिवार आमच्याकडे लग्नं, शंभराच्या वर ताटं, आणि सगळ्यांना एकदम गरम वाढायचं. आणि जेवणाआधी भाषणं. नवरीचे वडील, नवरा, मग बेस्ट मॅन. बेस्ट मॅनच्या हातात पाच मिनिटांचा कागद असतो. हशा पिकायला लागला की तो कागद खिशात टाकतो आणि नवऱ्याच्या शाळेपासून सुरुवात करतो. हॉलच्या दाराशी उभा असलेला वेटर आम्हाला हाताने खूण करतो : अजून नाही. आत ट्रे तयार. कायद्याने गरम ठेवलेलं अन्न ६३ अंशांच्या खाली जाता कामा नये. आदल्या दिवशीचे नीप्स पुन्हा तापवले असतील तर स्कॉटलंडचा नियम आणखी कडक, ८२ अंश. नीप्स-टॅटीजचं काही बिघडत नाही, ते तासभर थांबतील. पण उघडा ब्रेस्ट अशा उबेत पंधरा मिनिटं राहिला की संपलाच. वरून दिसायला तसाच, कापला की भुसा.

बेकनमध्ये गुंडाळलेला मात्र तग धरतो. चरबीचा थर वरून वाफ सहजी निघू देत नाही, वितळलेली चरबी वरच्या वर ब्रेस्ट ओला ठेवते, आणि आतला गरम, चरबीदार हॅगिस आतून ऊब देत राहतो. म्हणून हा पदार्थ लग्नांमध्ये टिकला असं माझं मत आहे. चव आहेच, पण उशीर सोसण्याची ताकद जास्त मोलाची. आईच्या प्रश्नाला माझं उत्तर हे : झूल शोभेची नाही, बेस्ट मॅनसाठी आहे. आपल्या रश्श्यामागेही हेच गणित असणार. पंगतीमागून पंगती उठतात, पाहुणे गाडी चुकल्यामुळे दोन तास उशिरा येतात, आणि हाडासकटची कोंबडी मंद आचेवर रश्श्यात शांतपणे थांबून राहते. रश्श्यात न थांबणारा तेवढा एकच, ब्रेस्ट. वाट कशी पाहायची ते प्रत्येक मुलखाने आपापल्या परीने ठरवलं आहे.

अशाच एका लग्नात एक ताट परत आलं. वेटरने ताट पासवर, म्हणजे किचनमधून ताटं बाहेर जातात त्या फळीवर, ठेवलं आणि हळूच म्हणाला, "गुलाबी आहे म्हणतायत." पासवरच्या दिव्याखाली तुकडा उघडून पाहिला. मधोमध, हॅगिसला लागून असलेलं मांस पांढरंशुभ्र. गुलाबी होती ती बाहेरची कड, बेकनच्या लगतची, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. बेकन मुरवताना मिठाबरोबर सोडियम नायट्राइट घालतात. त्यामुळेच भाजल्यावरही ते लालसर राहतं. त्याचा थोडा अंश रात्रभर गुंडाळलेल्या कोंबडीच्या कडेत उतरतो आणि तिथलं मांस कितीही शिजवलं तरी गुलाबी दिसतं. कच्चेपणा आतून बाहेर येतो, हा रंग बाहेरून आत जातो. कुठली बाजू गुलाबी आहे एवढं बघितलं की उलगडा होतो. वहीत त्या ट्रेपुढे ७८ लिहिलेलं होतं. पण पाहुण्यांच्या टेबलावर रसायनशास्त्र सांगायचं नसतं. हेड शेफने दुसरं ताट पाठवलं, सॉस कडेवरून जरा सढळ ओतून. तेव्हापासून लग्नाच्या ताटात तुकडे तिरके कापून, कापलेली बाजू वर करून मांडायचे आणि कडेवर सॉस सोडायचा असा आमचा शिरस्ता आहे.

आमच्या किचनमध्ये एक सिल्हेटचा सहकारी आहे. बेकन खात नाही आणि व्हिस्कीचा सॉस चाखत नाही, म्हणजे आमच्या सगळ्यांत खपाच्या पदार्थातलं निम्मं त्याच्या जिभेला वर्ज्य. पण पास सांभाळायला त्याच्याइतका चोख माणूस दुसरा नाही. ताट निघायच्या आधी त्याची नजर त्याच्यावरून फिरते आणि बेकनची एखादी पट्टी सुटलेली असेल तर तो न बोलता ताट मागे सरकवतो. चव मी घेतो, दिसणं तो बघतो. अ‍ॅलर्जीचा तक्ताही त्याच्याकडेच. कायद्याने ठरवलेले १४ जिन्नस ताटात आहेत की नाहीत ते ग्राहकाला सांगावं लागतं, आणि या एका ताटात त्यातले तीन सहज निघतात : ओटचं धान्य, दूध, मोहरी. नवा वेटर "चिकनच आहे" म्हणून पुढे जायला लागला की हा त्याला थांबवतो. शाकाहारी पाहुण्यांचीही सोय आहे. एडिंबरातल्या मॅकस्वीन या जुन्या खाटकांनी १९८४ साली डाळी, ओट आणि भाज्यांचा हॅगिस बाजारात आणला. मराठी पाहुण्यांपुढे मी तो भोपळी मिरचीत भरून ठेवतो, आणि दोन ताटं वाढीव लावून ठेवतो.

घरी करून बघणाऱ्यांनी हॅगिससाठी अडून बसायचं कारण नाही. मुंबई-पुण्यात बेकन मिळतं, वसईत आणि गोव्यात तर डुकराच्या मांसाचं कौतुक पिढ्यान् पिढ्यांचं आहे. आत मटणाचा कोरडा, पूर्ण शिजवून थंड केलेला खिमा भरावा, मिरी सढळ, मीठ कमी. बाकीचं सगळं तेच, आणि एक साधा प्रोब विकत घ्यावा.

नवा कॉमी, म्हणजे शिकाऊ शेफ आला की मी त्याला कृतीचा कागद आधी देत नाही. एक नुसता ब्रेस्ट, दोन पट्ट्या बेकन आणि हॅगिसचा एक गोळा देतो, तिन्ही वेगवेगळे शिजवायला लावतो आणि कोण किती वेळ घेतं ते लिहायला सांगतो. आकडे एकमेकांशी जुळत नाहीत हे बघून तो गोंधळतो. मग विचारतो, "शेफ, हे तिन्ही एकत्र कसे काय होणार?" हा प्रश्न त्याने स्वतःहून विचारला की समजायचं, पोरगं शिकणार. जो विचारत नाही आणि थेट गुंडाळायला घेतो, त्याला मी पुढचे काही दिवस बटाटे सोलायला लावतो.